आग लावून गार करणारा फ्रिज : आरव्हीचा फ्रिज रुसला तर काय बघायचं?

इयरफोन लावून ऐकताय ना? आजचा भाग थोडा हात काळे करणारा आहे.

गेल्या काही महिन्यांत अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. कुणी जुना ट्रेलर घेतलाय, कुणी भाड्याने आरव्ही घेऊन युटा-ॲरिझोना फिरायला निघालंय, आणि मध्येच फ्रिज गार होईनासा झालाय. दुकानात विचारलं की उत्तर तयार: "कूलिंग युनिट गेलं, फ्रिज बदला." म्हणजे सरळ हजार-दोन हजार डॉलरचा फटका. पण बऱ्याच वेळा युनिट धडधाकट असतं. बिघाड दुसरीकडेच, आणि अगदी किरकोळ असतो. उलट काही जण खरोखर धोक्याची खूण दिसत असताना फ्रिज परत परत चालू करून बघतात. हे जास्त वाईट. तर आज आपण हे दोन्ही वेगळे कसे ओळखायचे ते बघू.

आधी हा फ्रिज काय चीज आहे ते समजून घेऊ, कारण ते कळलं की निम्मी दुरुस्ती डोक्यातच होते.

आपल्या घरच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो, तो घुर्रघुर्र करतो. आरव्हीतल्या गॅस आणि वीज दोन्हीवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, पंप नाही. याला ॲब्सॉर्प्शन फ्रिज म्हणतात. १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधून काढला. हॉटेलच्या खोलीतला छोटा मिनीबार आवाजच करत नाही, बघितलंय? त्यातले बरेचसे याच जातीचे. जिथे वीज नव्हती तिथल्या दवाखान्यांत लसी ठेवायला रॉकेलवर चालणारे फ्रिज होते, तेही याचेच भाऊबंद.

आता गंमत ऐका. हा फ्रिज गार होतो तो आग लावल्यामुळे. मागच्या बाजूला एक बॉयलर असतो, त्यात अमोनिया आणि पाणी. खालून गॅसची ज्योत किंवा विजेचा हीटर त्याला तापवतो. भाताचं पातेलं उतू जाताना बुडबुडे पाणी कसं वर ढकलतात, तसेच इथले बुडबुडे द्रव वर चढवतात. अमोनियाची वाफ वेगळी होते, वरच्या जाळीत थंड होऊन पातळ होते आणि फ्रीझरमागच्या नळीत उतरते. तिथे हायड्रोजन असतो. त्याच्या संगतीत अमोनिया पुन्हा उडून जायला लागतो आणि उडताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी जसं गार होतं, तोच न्याय. मग खाली पाणी त्या अमोनियाला शोषून घेतं आणि सगळं परत बॉयलरमध्ये.

ही सगळी फेरी फक्त उष्णता आणि गुरुत्वाकर्षणावर चालते. म्हणून प्रश्न विचारायचे ते एवढेच: उष्णता मिळतेय का? मागची उष्णता बाहेर जातेय का? आणि आतला द्रव उतारावरून नीट वाहतोय का?

आता क्रमाने जाऊ. पण सगळ्यात आधी नाक आणि डोळे.

मागचं बाहेरचं झाकण उघडा. नळ्यांवर किंवा बॉयलरजवळ पिवळी पूड दिसते का? किंवा फ्रिज उघडल्यावर नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास येतो का? यातलं काहीही असेल तर आजचा बाकीचा भाग तुमच्यासाठी नाही. फ्रिज बंद, गॅसचा नळ बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. ती पिवळी पूड म्हणजे नळ्या गंजू नयेत म्हणून आत घातलेलं सोडियम क्रोमेट. ते विषारी आहे, हात लावू नका. ते बाहेर आलं म्हणजे नळी फुटलीय, आणि अमोनियाबरोबर हायड्रोजनही बाहेर येतोय. शेजारी जळती ज्योत. पुढचं सांगायला नको. २००६ साली डोमेटिक कंपनीला बॉयलरच्या नळीला तडे जाण्याच्या शक्यतेमुळे अमेरिकेत लाखो फ्रिज रिकॉल करावे लागले होते. म्हणून जुना ट्रेलर घेतलात की पहिल्याच दिवशी फ्रिजच्या दारामागच्या स्टिकरचा फोटो काढा आणि त्या मॉडेल व सिरियल नंबरवर रिकॉल आहे का, झाला असेल तर काम केलंय का, ते तपासा.

खूण नाही, वास नाही? छान. पुढे चला.

पहिली गोष्ट, गाडी सपाट उभी आहे का? घरचा फ्रिज थोडा कलला तरी चालतो, हा नाही. बऱ्याच अलीकडच्या मॉडेलना बाजूने ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश एवढाच कल चालतो. फोनमध्ये लेव्हल मोजायचं ॲप असतं. फोन फ्रीझरच्या तळाशी ठेवा आणि बघा. गाडी धावताना हिंदकळत असते, द्रव हलत राहतो, तेव्हा फारसं बिघडत नाही. पण उतारावर रात्रभर उभी ठेवून फ्रिज चालू ठेवला, तर द्रव एका कोपऱ्यात साचतो, बॉयलर कोरडा तापतो आणि आतलं रसायन जळून नळी चोंदते. ते नुकसान कायमचं. म्हणून जागा सपाट नसेल तर चाकाखाली ठोकळे घाला, नाहीतर फ्रिज बंद ठेवा.

दुसरी गोष्ट, हवा. मागच्या जाळीतून गार हवा आत, छपरावरच्या झडपेतून गरम हवा बाहेर. मध्ये पक्ष्याचं घरटं, पाला, गांधीलमाशीचं मातीचं घर काहीही अडकलेलं असू शकतं. टॉर्च मारा, साफ करा. छोटा पंखा असेल तर फिरतोय का बघा. मग दाराचं रबर. एक डॉलरची नोट दारात अडकवून ओढा. सहज निसटली तर रबर सैल आहे. आणि हो, आपण मराठी माणसं फ्रिजमध्ये डबे ठासून भरतो. आत हवा फिरायला जागा ठेवा, आणि गरम आमटी सरळ आत ठेवू नका.

तिसरी गोष्ट १२ व्होल्ट. फ्रिज गॅसवर चालू आहे म्हणजे त्याला वीज लागत नाही असं अनेकांना वाटतं. अलीकडच्या फ्रिजमध्ये गॅसचा व्हॉल्व्ह, ठिणगी आणि कंट्रोल बोर्ड गाडीच्या बॅटरीवर चालतात. बॅटरी उतरली की फ्रिज गॅसवरही नाही आणि प्लगवरही नाही. मल्टिमीटर घ्या, साधा चालतो. फ्रिजच्या मागे जिथे १२ व्होल्टच्या तारा येतात तिथे मोजा. बॅटरीपाशी साडेबारा आणि फ्रिजपाशी साडेदहा असेल, तर मधल्या जोडात गंज आहे, बहुतेक वेळा अर्थिंगच्या तारेत. जोड सोडवा, घासा, घट्ट करा. फ्यूज बघा. कोणतीही तार काढण्याआधी फोनने फोटो काढा. रात्री टॉर्च तोंडात धरून "लाल कुठली होती?" आठवत बसायला लागत नाही.

आता मुख्य परीक्षा. फ्रिज फक्त विजेवर चालवून बघा, मग फक्त गॅसवर. पण दम धरा! हा फ्रिज आळशी आहे. पूर्ण गार व्हायला ८ ते १२ तास लागतात. अर्ध्या तासात निकाल लावू नका. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवा आणि सकाळी बघा. साधारण ४ अंश सेल्सिअस किंवा खाली हवं.

गॅसवर गार होतो, विजेवर नाही? मग कूलिंग युनिट ठणठणीत आहे, कुणी काही सांगो. बिघाड विजेच्या बाजूला. मागच्या प्लगमध्ये १२० व्होल्ट येतायत का? कॅम्पग्राउंडमध्ये गर्दी असली की व्होल्टेज पडतं, तेही बघा. मग फ्रिजचा प्लग काढा, हीटरच्या दोन तारा सोडवा आणि ओहम मोजा. गणित सोपं आहे: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. १२० व्होल्टचा ३२५ वॅटचा हीटर असेल तर साधारण ४४ ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर जळाला. नवा हीटर नव्या फ्रिजच्या तुलनेत अगदी किरकोळ किमतीत येतो. फक्त मॉडेल नंबर जुळवून घ्या.

विजेवर होतो, गॅसवर नाही? इथेही युनिट चांगलंच आहे. आधी शेगडी पेटवा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर पाइपात हवा असते. शेगडी चालवली की ती निघून जाते आणि पुरवठा येतोय हेही कळतं. मग फ्रिज गॅसवर लावा आणि मागून ऐका. टिकटिक ठिणगी, मग ज्योत. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, फडफडणारी असेल तर काजळी धरतेय. सगळं बंद करून, गार होऊ देऊन, बर्नर ब्रशने साफ करा. वरच्या धुराच्या नळीतली काजळी खाली पडते, ती काढा. त्या नळीत कोळी जाळी विणतात, हे फार सर्रास दिसतं. जेटमध्ये मात्र सुई किंवा तार घालू नका. छिद्र किंचित मोठं झालं तरी ज्योत बिघडते. अल्कोहोलमध्ये भिजवा, वाळवा, नाहीतर नवा घाला.

ज्योत पेटून काही सेकंदांत विझते? मग ज्योत ओळखणारा भाग तपासा. जुन्या मॉडेलमध्ये ते थर्मोकपल असतं, नव्यांत बहुधा ठिणगीचाच इलेक्ट्रोड ते काम करतो. त्याचं टोक ज्योतीत आहे का, जोड स्वच्छ आहे का, बघा. गॅसचा कुठलाही जोड उघडलात तर नंतर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचंच. काडी पेटवून नाही! प्रोपेनचा दाब ११ इंच वॉटर कॉलम हवा. तो मोजणं आणि रेग्युलेटरला हात घालणं हे मात्र जाणकार मेकॅनिकचं काम.

आणि उंची विसरू नका. साधारण साडेपाच हजार फुटांच्या वर गॅसची ज्योत कुरकुरते. ब्राइस कॅन्यनचा काठ जवळपास ८,००० फुटांवर आहे. तिथे फ्रिज गॅसवर रुसला आणि खाली उतरल्यावर सुधारला, तर काही बिघडलेलं नाही. वर असताना शक्य असेल तर विजेवर चालवा.

आता शेवटची शक्यता. गाडी सपाट, हवा खेळती, ज्योत निळी, हीटर गरम, पूर्ण दिवस थांबलात, तरी दोन्हींवर गार नाही. तेव्हा कुठे म्हणायचं की कूलिंग युनिट गेलं. ते घरी भरता येत नाही, भरायचा प्रयत्नही करू नका. पर्याय दोन: युनिट बदलणं किंवा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवणं. कॉम्प्रेसर फ्रिज लवकर गार होतो आणि गाडीच्या कलाचं त्याला एवढं कौतुक नाही. पण दिवसरात्र बॅटरी खातो. तुम्ही बहुतेक वेळ प्लग असलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये राहत असाल किंवा सोलर असेल तर तो घ्या. आठवडाभर रानात राहायचं असेल तर गॅसचा फ्रिज अजूनही सोयीचा.

जाता जाता दोन गोष्टी, आणि या ऐकाच.

एक, पेट्रोल पंपावर शिरण्याआधी फ्रिजचा गॅस बंद. मागे उघडी ज्योत जळत असते, हे डोळ्यांना दिसत नाही म्हणून विसरायला होतं. आणि गाडीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का, दर प्रवासाआधी बटण दाबून बघा.

दोन, आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना घेऊन फिरायला निघालात आणि कुणाचं इन्सुलिन सोबत आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि गोठलेलं वापरायचं नसतं. या फ्रिजच्या आतल्या मागच्या पत्र्यांजवळ वस्तू गोठू शकतात. म्हणून इन्सुलिन पत्र्यांपासून लांब, मधल्या कप्प्यात, शेजारी थर्मामीटर. फ्रिज आदल्या रात्रीपासून चालू करा आणि आकडा बघूनच औषध आत ठेवा. शिवाय आइस पॅकची छोटी पेटी जवळ असू द्या. दूध नासलं तर दुसरं मिळतं, वाळवंटात शंभर मैलांवर इन्सुलिन मिळेलच असं नाही.

तर पुढच्या वेळी कुणी म्हणालं "फ्रिज गेला, बदला", तर त्यांना एकच प्रश्न विचारा: "गॅसवर आणि विजेवर वेगवेगळा चालवून बघितलात का?" उत्तर नाही आलं, तर पाकीट खिशातच ठेवा.

तुमच्या फ्रिजची ज्योत कशी दिसते त्याचा व्हिडिओ आणि स्टिकरचा फोटो पाठवा, आपण मिळून बघू. पुढच्या भागात आरव्हीच्या पाण्याचा पंप. तोवर गाडी सपाट लावा आणि ताक गार प्या. भेटूच!