ऑपरेशन झाले, पण हंडा कोणी उचलायचा?



आज जरा अवघड विषय आहे. पुरुषांनी उठून जाऊ नये. मला तुमच्याशीच बोलायचे आहे.

बाईचे अंग बाहेर येते. लाजेपायी ती वर्षानुवर्षे सांगत नाही. शेवटी ऑपरेशन होते. काही दिवसांनी ती घरी येते, हिंडते-फिरते. आपल्याला वाटते, झाली बरी! पण आतले टाके कोवळे असतात. जखम भरायला निदान ६ आठवडे लागतात.

माझ्या घरचेच सांगतो. तिसऱ्या आठवड्यात मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. आत भांडे वाजले. पाहतो तर ही भरलेला हंडा उचलत होती! हंड्यात १५ लिटर पाणी, म्हणजे १५ किलो ओझे. ओझे उचलले की पोटाचा जोर खाली टाक्यांवर येतो. अंग पुन्हा उतरू शकते. त्या दिवसापासून पाणी मी भरले. लोक हसले. हसेनात का!

शौचाला कुंथले तरी तसाच जोर पडतो. म्हणून पालेभाजी, फळे खावीत, पाणी भरपूर प्यावे. निजून राहू नये, रोज थोडे चालावे. नवऱ्याने ६ आठवडे वेगळे निजावे. मग डॉक्टरला विचारावे.

अंगावरून थोडे जाते, त्याला भिऊ नये. पण ताप आला, घाण वास आला, रक्त फार गेले, लघवी अडली किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि नातू रडला तर त्याला कडेवर देऊ नका. ती बसली असेल तेव्हा मांडीवर द्या.