ऑलिंपिकच्या मैदानापासून सतरा नंबरच्या फलाटापर्यंत



आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या महाविद्यालयांतही आता मुलांना परदेशी सहलीला न्यायचं बोलणं निघू लागलं आहे. युरोप म्हटला की पॅरिसचा मनोरा आणि स्वित्झर्लंडचा बर्फ यादीत आपोआप येतात. महायुद्धाच्या जागा दाखवू या म्हटलं, की एखादे पालक सरळ विचारतात, "सर, एवढा पैसा लावून लेकराईले मसणवटीच दाखवाची हाय काय?" प्रश्न रोकडा आहे आणि त्याचं उत्तर देणं शिक्षकाचं कामच आहे. माझं उत्तर असं, की मुलांना बर्लिनला न्या. अमरावतीची पोरं तिथं एकदा जाऊन आली आहेत, आणि त्यांना जे दिसू दिलं गेलं नाही ते आज तिथं पाहायला मिळतं.

अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत ज्या आखाड्याचा पाया घातला, त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. या मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेला आणि तिथं त्यानं आपली कबड्डी, आपले देशी खेळ जगाला दाखवले. पारतंत्र्यातल्या देशाची, वऱ्हाडच्या मातीत घुमलेली ही तरुण मुलं. परक्या राज्याच्या छायेत वाढलेल्या पोरांना आपला खेळ जगासमोर मांडता आला, याचा आनंद केवढा असेल! ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच हवी. पण ती तिथंच थांबवू नये.

कारण ते बर्लिन पाहुण्यांसाठी झाडूनपुसून ठेवलेलं होतं. ज्यूंविरुद्धच्या पाट्या रस्त्यांवरून तेवढ्यापुरत्या उतरवल्या होत्या. ग्रेटेल बेर्गमान नावाच्या ज्यू मुलीनं त्याच उन्हाळ्यात उंच उडीत १ मीटर ६० सेंटिमीटरच्या राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली होती. जुलैमध्ये तिला, तुझी निवड झालेली नाही, असं पत्र आलं. त्याच जुलैत बर्लिनच्या उत्तरेला ओरानियेनबुर्गजवळ झाक्सेनहाउझेनची छळछावणी उभी राहू लागली, आणि ती कैद्यांकडूनच बांधून घेतली जात होती. मैदानापासून अंतर तीसेक किलोमीटर. अकोल्याहून मूर्तिजापूर याहून थोडं लांबच. १ ऑगस्टला खेळांचं उद्घाटन झालं. १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघानं हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं. टाळ्यांचा तो कडकडाट खरा होता, आणि छावणीचं कुंपणही खरं होतं.

मैदानाच्या पश्चिम टोकाला घंटेचा मनोरा आहे. त्याच्या पायथ्याशी एक दालन आहे, लांगेमार्क दालन. बेल्जियममधल्या लांगेमार्कपाशी नोव्हेंबर १९१४ मध्ये जर्मन तरुण सैनिक मोठ्या संख्येनं मारले गेले. त्यांत स्वेच्छेनं भरती झालेले विद्यार्थीही होते. पुढे त्यांच्या मरणाची पूजा मांडली गेली. तिथल्या दफनभूमीतली माती आणून या दालनाच्या जमिनीत, पोलादी झाकणाखाली ठेवली गेली. खेळाच्या मैदानात रणांगणाची माती कशाला, असं आपली मुलं विचारतील. विचारू द्या. अमरावतीत आखाडा सुरू झाला त्याच वर्षी वर्ग सोडून लढाईवर गेलेली ती मुलं, आणि त्यांच्या नावानं पुढची पिढी मरायला तयार केली जात होती. त्याच १९१४ च्या शरदात, लांगेमार्क ज्या ईप्रच्या आघाडीवर होतं, तिथंच आपल्या हिंदी पलटणीही चिखलात उभ्या होत्या, हेही मुलांना तिथंच सांगा.

मैदानापासून जवळच ग्रुनेवाल्ड नावाचं स्टेशन आहे. तिथल्या सतरा नंबरच्या फलाटावर आता गाडी येत नाही. रुळांच्या कडेनं बिडाच्या रंगाच्या १८६ पोलादी पट्ट्या बसवल्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, नाझींनी किती ज्यू माणसं हद्दपार करून नेली तो आकडा, आणि गाडी कुठं गेली ते गाव. पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ ची, लोड्झला. आकडा कधी हजारावर, कधी शंभराच्या आत. शेवटी शेवटी तर तो अगदी किरकोळ होतो, पण गाडी सुटतच राहते. १९४५ च्या मार्चपर्यंत. चालत चालत, मान खाली घालून वाचावं लागतं. मुलांना इथं घाई करू नका. एकेकाला एकेक तारीख नेमून द्या आणि ते गाव कुठलं, तिथं पुढे काय झालं, हे आधीच घरून शोधून यायला सांगा.

आता एक अवघड गोष्ट. रेडिओवरच बोलतो आहे म्हणून ती टाळू नये असं वाटतं. जानेवारी १९४२ मध्ये नेताजींचा आझाद हिंद रेडिओ जर्मनीतून सुरू झाला. त्यावरून इतर भाषांबरोबर मराठीतूनही बातम्या दिल्या जात. नेताजींच्या त्या सहकाऱ्यांत एन. जी. गणपुले हे मराठी गृहस्थ होते. पुढे त्यांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. देशासाठी जिवावर उदार झालेली ही माणसं. आणि त्याच जानेवारीत सतरा नंबरच्या फलाटावरून रीगाला गाड्या सुटत होत्या. या दोन्ही तारखा मुलांपुढे एकत्र ठेवा. एकीसाठी दुसरी झाकू नका. नेताजींबद्दलचा आदर त्यानं कमी होत नाही. स्वातंत्र्याची वाट त्या काळी किती बिकट जागेतून जात होती, ते मात्र कळतं.

आणि त्या पालकांना सांगायचं ते असं. मसणवटी दाखवायचीच, कारण तिथं आपली माणसं आहेत. बर्लिनच्या दक्षिणेला वून्सडॉर्फपाशी पहिल्या महायुद्धात हिंदी युद्धकैद्यांची छावणी होती. जर्मन भाषापंडितांनी त्या कैद्यांना कर्ण्यासमोर उभं करून त्यांचे आवाज तबकड्यांवर उतरवून घेतले. गाणी, गोष्टी, घरच्या आठवणी. ते आवाज आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत. जे घरी परतले नाहीत, त्यांतल्या २०६ हिंदी लोकांची स्मृती जवळच्या झेहरेन्सडॉर्फच्या दफनभूमीत जपली आहे. ही जागा अनेक वर्षं सोव्हिएत सैन्याच्या ताब्यातल्या सरावाच्या मैदानात अडकली होती. डागडुजी होऊन २००५ मध्ये ती पुन्हा नीट उभी राहिली. आपल्याकडच्या सहलीच्या पत्रकांत मी तिचं नाव अजून वाचलेलं नाही.

तेव्हा सहल आखणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. ध्वनिसंग्रहाला आधी पत्र लिहा, परवानगी घ्या. बर्लिनहून वून्सडॉर्फपर्यंत रेल्वे आहे, पुढचा रस्ता मोटारीचा. खरेदीच्या दिवसातला अर्धा दिवस त्यासाठी काढून ठेवा.