शॉर्टवेव्ह अचानक मुकी झाली तर?

भर दुपारी शॉर्टवेव्हवरची लांबची स्टेशनं एकाएकी गप्प होतात. सेल नवे, एरियल ठीक, तरी आवाज नाही. अशा वेळी दोष सूर्याचाही असू शकतो.

शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून उलटून जमिनीवर येतात, म्हणून त्या हजारो किलोमीटर जातात. सूर्यावर मोठा भडका उडाला की त्याचे क्ष-किरण सुमारे ८ मिनिटांत इथं पोचतात. मग त्याखालचा थर दाट होऊन लहरी वाटेतच गिळतो. जिथं दिवस असतो तिथंच हे घडतं.

६ सप्टेंबर २०१७ ला कॅरिबियन बेटांवर इर्मा चक्रीवादळ थडकलं. त्याच दिवशी असा भडका उडाला आणि ऐन संकटात तिथले बिनतारी संदेश विस्कळीत झाले.

तेव्हा ध्यानात ठेवा:

१. सेट लगेच खोलू नका. तासाभरानं पुन्हा लावा.

२. ३१ मीटरवर आवाज नसेल तर १९ मीटर लावून बघा. तिथं लहरी कमी गिळल्या जातात.

३. जवळच्या केंद्राच्या मीडियम वेव्ह लहरी जमिनीलगत येतात. त्या सहसा चालू राहतात.

४. वादळ-पावसात एकाच साधनावर विसंबू नका.