बांधावरची घाणेरी



नवापूरहून रेल्वेने खांडबाऱ्याकडे येताना खिडकीतून शेतं दिसतात. भात, तूर, आणि मध्येच बांध असायला हवा तिथे दाट जाळी. ही लाल-पिवळ्या फुलांची घाणेरी मूळची आपली नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका खंडातलं हे झुडूप शोभेसाठी इथे आणलं गेलं. शोभा बंगल्यांना झाली, जाळी आपल्या वाट्याला आली.

आमच्या बांधावर ती वडिलांनीच राखली. फुकटचं कुंपण, गुरंही तोंड लावत नाहीत. (टंचाईत लावतात, मग कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते.) पुढे दोन हातांचा बांध खाटेएवढा झाला. कडेच्या तासांना ऊन मिळेना, जाळीत रानडुकरं दडू लागली. दर उन्हाळ्यात आम्ही ती कोयत्याने छाटायचो, वाळली की पेटवायचो. आषाढात पाहावं तर एका फांदीच्या जागी पाच फोक! छाटून छाटून आम्ही तिला जोपासतच होतो म्हणा ना.

घाणेरीला फुटवे येतात ते जमिनीलगतच्या, मुळाच्या वरच्या भागातून. म्हणून तो भागच काढायचा. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली आहे. कुदळीने खोडाभोवतीची माती सारा, जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ तोडा आणि अख्खं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवा. फळं धरण्याआधी, माती ओली असताना हे काम हलकं जातं. बुलबुल, साळुंक्या बिया पुन्हा आणून टाकतातच. तेव्हा पुढचे दोन-तीन पावसाळे रोपं हाताने उपटावी लागतील. वेडी बाभूळ असेल तर तिचाही बुंधा जमिनीखालून काढा. तिच्या शेंगा गुरं खातात आणि शेणातून बी शेतभर नेतात.

जेसीबी लावून सगळा बांध एका दिवसात साफ करण्याचा मोह होतो. पण यंत्राला घाणेरी आणि मोहाचं रोप सारखंच. शिवाय मोह, साग, खैर, चिंच, आंबा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि उघडा पडलेला बांध आपल्याकडच्या पावसात वाहून जातो. मोकळ्या जागी लगेच मानवेल बांबू, करंज किंवा निदान तूर लावा. निघालेले फोक चुलीला होतात. कर्नाटकातले सोलिगा आदिवासी तर त्यांच्या खुर्च्या बनवतात.

बांध दोघांचा असतो, तेव्हा शेजाऱ्याला सोबत घ्या. आम्ही सावड करून काम केलं. जाळीखाली हद्दीचा जुना दगड सापडला. हद्दीवरून आमच्या दोन घरांत किती वर्षं बोलणं नव्हतं, ते सांगत नाही. दगड आमच्या समजुतीपेक्षा हातभर आत, आमच्याच बाजूला निघाला.