तृणमणी: खरा कोणता, खोटा कोणता?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

भूगर्भशास्त्र शिकवण्यात हयात गेल्यामुळे लोक माझ्याकडे दगड घेऊन येतात. बहुतेकांना हिरा सापडलेला असतो! गेल्या वर्षी मात्र बीडमधले एक वयस्क गृहस्थ रुमालात बांधलेले 33 पिवळे मणी घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी हजहून आणलेली ही तसबीह. दोरा कुजून तुटला होता. ‘‘सर, अब्बा याला कहरुबा म्हणायचे. तीन लेकी आहेत. प्रत्येकीला अकरा मणी द्यायचेत. पण खरे आहेत का, तेवढं सांगा.’’

कहरुबा हा फारसी शब्द. त्याचा अर्थ गवताची काडी ओढणारा. संस्कृतातले तृणमणी हे नावही त्याच अर्थाचे. लोकरीवर घासला की हा मणी काडीकचरा ओढून घेतो. सराफ त्याला ॲम्बर म्हणतात. अत्तरवाल्यांचा अंबर मात्र वेगळा. तो स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार हा गुन्हा आहे. ‘व्हेल माशाची उलटी पकडली’ अशा बातम्या आपण वाचतो, त्या त्याच्या.

तृणमणी हा मुळात दगडच नव्हे. ती झाडाची राळ आहे. आपण डिंक आणि राळ एकच समजतो, पण बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. डिंकाचे लाडू होतात, राळेचे होत नाहीत! झाडाला जखम झाली की राळ पाझरते, घट्ट होते, गाळाखाली गाडली जाते आणि लाखो-कोट्यवधी वर्षांत तिचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन ती कठीण बनते.

मग आपल्या बालाघाटात तो का सापडत नाही? आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. लाव्हा हजार अंशांहून तप्त, आणि तृणमणी दीडशे अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतो. लाव्हाखाली आलेल्या राळेची राखच व्हायची. विहिरीच्या खोदकामात किंवा गोदावरीच्या वाळूत पिवळसर, अर्धपारदर्शक खडा मिळाला तर तो अकीक समजावा. हातात घेतला की फरक कळतो. अकीक जड आणि गार लागतो. तृणमणी हलका, आणि हाताला उबदार वाटतो. अकीक काचेवर ओरखडा काढतो, तृणमणी मात्र चाकूनेही सहज खरवडतो.

बाजारात सर्वाधिक मान बाल्टिक समुद्राकाठच्या तृणमण्याला आहे. पोलंड आणि रशियाच्या कालिनिनग्राद भागातला हा माल सुमारे चार कोटी वर्षे जुना. मधासारखा पारदर्शक असतो, तसा ताकासारखा दुधी आणि लोण्यासारखा पिवळाही असतो. दुधी रंग येतो तो आत अडकलेल्या असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांमुळे. आपल्याकडे पारदर्शकच अस्सल असा समज आहे. तसबीहसाठी मात्र दुधी-पिवळ्याचेच मोल जास्त. कॅरिबियन बेटांतल्या डोमिनिकन प्रजासत्ताकाचा तृणमणी वयाने निम्म्याहून लहान, पण त्यातला काही उन्हात धरला की निळा दिसतो. म्यानमारच्या काचिन प्रांतातला लालसर तपकिरी तृणमणी सर्वांत वडीलधारा, जवळपास दहा कोटी वर्षांचा आणि थोडा अधिक कठीण. त्याच्या एका तुकड्यात पिसांसकट डायनासोरची शेपटी सापडल्याचे 2016 मध्ये जाहीर झाले. तिथल्या खाणींच्या भागात सशस्त्र संघर्ष चाललेला आहे, म्हणून तो माल विकत घ्यावा की नाही यावर शास्त्रज्ञांतही वाद आहेत.

भारताचाही तृणमणी आहे. गुजरातेत, सुरत जिल्ह्यात वस्तान येथे लिग्नाइटची खाण आहे. तिथल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या तृणमण्यातून कीटकांच्या शंभरावर जाती मिळाल्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. तो शालवृक्षाच्या कुळातल्या झाडांचा. शालाचीच राळ आजही धुपात जळते. गंमत अशी, की वस्तानचा तृणमणी काही द्रावकांत विरघळतो. दागिन्याच्या दृष्टीने हा दोष. पण त्यामुळेच आतला कीटक अख्खा बाहेर काढता येतो. मला विचाराल तर दहा अंगठ्यांपेक्षा तसा एक तुकडा मोलाचा.

आता खोट्याविषयी. कोपल म्हणजे कोवळी राळ, कोलंबिया, मादागास्कर वगैरे ठिकाणची. ती खोटी नव्हे, पण तृणमणीही नव्हे. स्पिरिटचा थेंब टाकला तर ती बहुधा चिकट होते. बारीक तुकडे तापवून दाबून केलेला दाबीव माल असतो. तो दाबीव म्हणून विकला तर तक्रार नाही. उरले प्लॅस्टिक. त्यात आजचाच कीटक घालून विकतात. ज्या काडी ओढण्यावरून नाव पडले, ती परीक्षा इथे कुचकामी आहे. केसांत फिरवलेला प्लॅस्टिकचा कंगवाही कागदाचे कपटे ओढतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तापली सुई टोचून वास घेणारे असतात. तसे करू नये, मणी कायमचा डागाळतो.

घरी करण्याजोगी परीक्षा मिठाच्या पाण्याची. मीठ विरघळेनासे होईपर्यंत पाण्यात घालायचे. तृणमणी त्यात तरंगतो, जुन्या तसबीहींत आढळणारे बॅकेलाइट बुडते. आम्ही त्या गृहस्थांचे मणी एकेक करून सोडले. 29 तरंगले. चार तळाशी गेले.

ते बराच वेळ त्या चारांकडे बघत राहिले. मग आठवून म्हणाले, लहानपणी अंगणात तसबीह तुटली होती, काही मणी हरवले होते. अब्बांनी कुठून तरी बदली आणले असावेत. मी त्यांना हेही सांगितले, की तरंगले म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे. कोपल तरंगते, काही प्लॅस्टिकही तरंगते. पक्के सांगायला मुंबई-जयपूरच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत जावे लागेल. तिथे अवरक्त किरणांच्या तपासणीत बाल्टिक तृणमणी आपल्या खास खुणेवरून ओळखू येतो.

‘‘29 चे तीन वाटे कसे करायचे, सर?’’ त्यांनी विचारले. त्यांनी मणी पुसले, 33 चे 33 त्याच रुमालात बांधले. वाटणी तूर्त थांबली आहे. धाकट्या लेकीने म्हणे बुडालेले चारही मणी मागून ठेवलेत.