काळा झगा आणि मोत्यांची माळ



एकपात्री प्रयोग म्हटला की मराठी रसिकाला पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ आठवते, नाही तर प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. एकच नट ५२ माणसे उभी करतो आणि प्रेक्षागृह हास्यात बुडून जाते. एकपात्री आणि हास्य यांचा हा शेजार आपल्याकडे इतका पक्का आहे की, हेच माध्यम छळाच्या कहाणीसाठी वापरता येईल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकन नाटककार डग राइट यांचे ‘आय ॲम माय ओन वाइफ’ हे तसे नाटक आहे. २००३ साली ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले आणि २००४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

नाटकाची नायिका काल्पनिक नाही. १९२८ साली बर्लिनच्या माल्सडोर्फ या उपनगरात लोटार बेरफेल्डे नावाचा मुलगा जन्मला. शरीर मुलाचे, मन मुलीचे. पुढे सारे आयुष्य शार्लोट फॉन माल्सडोर्फ या नावाने, स्त्रीवेषात गेले. लग्न कधी करणार, असे आईने विचारले तेव्हा शार्लोटबाईंनी जे उत्तर दिले तेच नाटकाचे नाव झाले. जर्मन भाषेत ‘स्त्री’ आणि ‘पत्नी’ यांना एकच शब्द आहे. इंग्रजीत त्या उत्तराचा अर्धा अर्थ सांडतो. मराठीला मात्र तो सहज पेलवावा. आपलीही ‘बायको’ अनेकवचनात ‘बायका’ होते आणि तिचा अर्थ पालटतो!

या मुलाला स्वतःची ओळख पटली ती एका ग्रंथातून. पुरुषांचे कपडे घालून वावरणाऱ्या एका आत्याने त्याच्या हाती डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांचे १९१० सालचे पुस्तक दिले. वेषांतराची ओढ असणाऱ्या माणसांचा तो शास्त्रीय अभ्यास होता. याच हिर्शफेल्ड यांच्या बर्लिनमधील संस्थेवर ६ मे १९३३ रोजी नाझींनी धाड घातली आणि चारच दिवसांनी तिच्या ग्रंथालयातील पुस्तके भर चौकात जाळली. ज्या ग्रंथाची राख करण्यात आली, त्याची एक प्रत कुठल्याशा घरातल्या कपाटात राहून गेली आणि एका भेदरलेल्या पोराला तिने सांगितले की, तुझ्यासारखे आणखीही आहेत. ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून एवढे तरी सांगितलेच पाहिजे.

वडील नाझी पक्षाचे आणि मारकुटे. शार्लोटबाईंच्या कथनानुसार, कुटुंबाला वाचवण्यासाठी कोवळ्या वयात तिने त्यांचा जीव घेतला. शिक्षा झाली आणि महायुद्ध संपले तेव्हा सुटका झाली. पुढे बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या घरांतून, रद्दीवाल्यांकडून तिने जुनी घड्याळे, कपाटे, ग्रामोफोन गोळा केले आणि १९६० साली त्यांचे संग्रहालय थाटले. समाजाने वाळीत टाकलेले लोक जिथे जमत, असे बर्लिनमधील एक जुने मद्यालय १९६३ साली पाडले जात होते. त्याचे सारे सामान तिने आपल्या तळघरात आणून मांडले. कपाटावरचा ओरखडा ती कधी घासून काढीत नसे. त्या ओरखड्यातच त्या वस्तूचे आयुष्य आहे, अशी तिची दृष्टी होती.

राइट स्वतः समलिंगी, टेक्सासमध्ये वाढलेले. हिटलरच्या आणि नंतरच्या साम्यवादी राजवटीत झगा नेसून जगलेली ही बाई त्यांना आपली पूर्वज वाटली, वीरांगना वाटली. ध्वनिमुद्रित मुलाखतींचा ढीग जमला. आणि मग पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची कागदपत्रे उघड झाली: १९७०च्या दशकात शार्लोटबाई त्यांच्या खबरी होत्या. ग्रामोफोन जमवणारा एक मित्र तुरुंगात गेला होता. त्यात तिचा हात होता काय? नाटकातली शार्लोट म्हणते की, माझे नाव सांग असे मित्रानेच सुचवले होते. खरे काय, हे नाटक सांगत नाही. राइट यांची लेखणी काही वर्षे अडली. अखेरीस त्यांनी स्वतःलाच नाटकात पात्र म्हणून आणले. वीरगाथा हवी असलेला आणि हाती डागाळलेले माणूस आलेला लेखक.

इथे एकपात्री बंधाचे सामर्थ्य कळते. जेफरसन मेज या नटाने काळा झगा, डोक्याला रुमाल आणि गळ्यात मोत्यांची माळ एवढ्या सामग्रीवर तीसहून अधिक माणसे उभी केली. नाझी अधिकारी, गुप्त पोलीस, पत्रकार, लेखक, सारे त्या एकाच झग्यात बोलतात. छळणारा आणि छळला जाणारा यांचा कंठ एकच. ज्या बाईला जिवंत राहण्यासाठी प्रत्येक सत्तेशी निराळ्या आवाजात बोलावे लागले, तिची कथा अनेक नटांत वाटली असती तर हे दिसलेच नसते. बालगंधर्वांचा शालू ही आपल्या रंगभूमीची पुण्याई. पण प्रयोग संपला की तो घडी करून पेटीत जात असे. शार्लोटबाईंना विंगेत जाऊन कपडे बदलण्याची सोय नव्हती. हा फरक ध्यानात न घेता केलेली तुलना दोघांवरही अन्याय करील.

काही समीक्षकांना नाटकाने निकाल न देणे खटकले. तो आक्षेप अगदीच पोकळ नाही. तुरुंगात गेलेल्या मित्राची बाजू कोणी मांडायची? तरीही ओरखडा घासून काढायचा नाही ही नायिकेची रीत नाटककाराने तिच्याच आयुष्याला लावली, हे मान्य करावे लागते.

२००२ साली शार्लोटबाई वारल्या. नाटकाच्या शेवटी लेखकाच्या हाती एक जुने छायाचित्र येते. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात लहानगा लोटार बसला आहे आणि त्याला बिलगून सिंहाचे दोन छावे आहेत.