फाटकाशी बसलेली नायिका



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत नटीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात पुष्कळ झाले. तेथेच शांता आपटे यांची आम्हांस ओळख झाली. ती नटी म्हणून झाली नाही. कंपनीच्या फाटकाशी बसलेली कामगार म्हणून झाली.

शांताबाईंचा जन्म 1916 सालचा, सोलापूर जिल्ह्यातील दुधनीचा. 1932 साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये त्या पडद्यावर आल्या, आणि 1934 साली पुण्याच्या प्रभात कंपनीच्या 'अमृतमंथन'ने त्यांचे नाव झाले. मग 1937 साली शांतारामबापूंचा 'कुंकू' आला. फसवून म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायचे साफ नाकारते, अशी ती कथा. नीरेच्या त्या नकाराला लोकांनी डोक्यावर घेतले.

त्या काळी नट-नट्या कंपनीत महिन्याच्या पगारावर असत. करार कंपनीशी, बाहेर काम करायचे तर तिची परवानगी हवी. म्हणजे नाव मोठे, पण हजेरी आमच्या गिरणीवाल्यासारखीच! पुढे पगार आणि करार यांवरून वाद झाला, आणि जुलै 1939 मध्ये विशीतल्या शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. ज्या स्टुडिओत 'कुंकू' घडला, त्याच्याच दाराशी!

श्रोतेहो, मालक कोणी राक्षस नव्हते. शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी स्वतः बाबूराव पेंटरांच्या कंपनीत राबून वर आलेली. तेव्हा कोणाचे किती चुकले, याचा निवाडा आम्ही करीत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. पडद्यावर 'नाही' म्हणणाऱ्या मुलीला आपण टाळ्या देतो. तीच मुलगी पगारासाठी 'नाही' म्हणून फाटकाशी बसली, तर तिला आपण काय म्हणतो? बहुधा 'आगाऊ' म्हणतो. कारखान्यांच्या दारांत आम्ही हा शब्द पुष्कळदा ऐकला आहे.

शांताबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. 1940 साली त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले आणि या धंद्यात माणसाचे श्रम कसे पिळले जातात, ते मांडले. नटीचे हसणे हेही श्रमच, हे त्या जाणून होत्या. चित्रपट-कामगारांशी लेखी करार केलाच पाहिजे, असा कायदा देशात 1981 साली झाला. फाटकापासून कायद्यापर्यंत 42 वर्षे लागली. तो पाहायला शांताबाई नव्हत्या. 1964 सालीच त्या गेल्या.

हे जुने पुराण आज कशासाठी? गेल्या वर्षी आपल्याच गावची एक मुलगी आईला घेऊन आमच्याकडे आली. घोडबंदर रस्त्यावर मालिकेचे काम मिळाले होते. "काका, सही करायच्या आधी हा कागद वाचून दाखवाल?" म्हणाली. कागद इंग्रजी, अकरा पानांचा. आम्ही शब्दकोश घेऊन बसलो. पैसे नव्वद दिवसांनी; मध्ये दुसरे काम बंद; कामाचे तास किती, याचा पत्ता नाही. आई म्हणाली, "फार विचारलं तर काम जाईल हो." खोटे नव्हते ते. आम्ही तिला म्हटले, "ताई, जाईलही. पण विचारायची सवय गेली, तर ती परत यायची नाही." मुलीने तासांचे विचारले. उत्तर यायला आठ दिवस लागले, ते आठ दिवस त्या घरात कोणाला नीट झोप नव्हती. अखेर बारा तास असे लिहून मिळाले. बाकीचे तसेच राहिले.

थोडेच मिळाले, हे आम्ही कबूल करतो. पण आमच्या चळवळीत सगळे काही असे थोडे थोडेच मिळत आले आहे. आपली मुलगी पडद्यावर दिसली की पेढे जरूर वाटा. मात्र त्याआधी तिचा कागद तिच्याबरोबर बसून वाचा, आणि तिने काही विचारले तर तिला आगाऊ म्हणू नका. एवढेच आमचे मागणे आहे.